सहलीचा पूर्वरंग आणि उत्तररंग

संपादकांनी मागितला होता तो मराठी प्रवासवर्णनांवरचा लेख. गणपती उठले की त्यांना माझी आठवण होते, आणि मलाही त्यांची. त्याप्रमाणे यंदाही मी कपाटातली पुस्तके टेबलावर काढून ठेवली, जुनी टिपणे चाळली, पेन्सिलीला टोक केले आणि आता लिहायला बसणार एवढ्यात आमच्या पुतणीने माझ्यापुढे दोन छापील कागद आणून ठेवले.

"काका, एवढं वाचून सांगा. मग तिकिटं काढते," ती म्हणाली.

ते कागद म्हणजे आमच्या पहिल्या परदेशप्रवासाचा आराखडा होता. आम्ही दोघे, पुतणी आणि जावई असे चौघे येत्या मे महिन्यात जावा, बाली आणि त्यापलीकडच्या गिलीच्या बेटांवर जाणार आहोत. आमची पारपत्रे कोरी आहेत. निवृत्तीनंतर बाजूला ठेवलेले पैसे त्यासाठी मोडायचे आहेत, आणि असे मोडणे पुन्हा होईल असे वय आता राहिलेले नाही. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेले वाचायचे आणि त्यावर बरेवाईट बोलायचे हाच माझा धंदा. तेव्हा पुस्तकांवरचा लेख बाजूला राहू द्यावा आणि या दोन पानांचेच परीक्षण लिहावे असे मी ठरवले. संपादक रागावणार नाहीत अशी आशा आहे. प्रवासवर्णने वाचकाला विकत घ्यावी लागतात. सहलीचा आराखडा आज घरोघर लिहिला जातो, आणि त्याचे परीक्षण मात्र कोणीच करीत नाही.

प्रथम संहिता. अकरा दिवस, दहा रात्री, सहा मुक्काम. योग्याकार्ता दोन रात्री, उबुद दोन, नुसा पेनिदा एक, गिली त्रावांगन दोन, सेमिन्याक दोन आणि परतताना सिंगापूर एक. पहिले दोन मुक्काम तांबड्या अक्षरांत छापलेले, वर मथळा 'संस्कृती'. नंतरचे तीन निळ्या अक्षरांत, मथळा 'समुद्रकिनारा'. सिंगापूरला रंग नव्हता. ते बहुधा केवळ खरेदीसाठी असावे.

आराखडा हा एक वाङ्मयप्रकार आहे असे मी म्हटले तर प्राध्यापक मंडळी हसतील. पण विचार करून पाहा. प्रवासवर्णन भूतकाळात लिहितात, आराखडा भविष्यकाळात. 'पहाटे चारला निघून सूर्योदय पाहणे, आठला न्याहारी, नऊ ते बारा मंदिर, दुपारी विमान' असे लिहिताना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक नायक असतो. त्याचे गुडघे दुखत नाहीत. त्याला परक्या गादीवर झोप लागते. औषधाची डबी कुठल्या पिशवीत ठेवली हे तो कधी विसरत नाही. पुतणीच्या दोन पानांतही असा एक नायक आहे, आणि तो मी नव्हे, हे पहिल्या चार ओळींतच माझ्या ध्यानात आले.

मोडलेल्या आराखड्यांतून चांगली पुस्तके निघतात, हेही खरे. गोडसे भटजी कोकणातल्या वरसईहून उत्तरेला निघाले ते दक्षिणेसाठी. यज्ञ होता, दानधर्म होणार होता. मध्येच १८५७ ची धामधूम आडवी आली, भटजींचा सगळा बेत उधळला, आणि म्हणूनच 'माझा प्रवास' आपल्या हाती लागला. पण साठी उलटलेल्या माणसाने मराठी वाङ्मयात भर पडावी म्हणून आपला बेत उधळू द्यावा, एवढी माझी साहित्यनिष्ठा नाही.

संध्याकाळी मी ती पाने घरात वाचून दाखवली. आमचे सासरे सोलापूर जिल्ह्यात कीर्तने करीत. त्यामुळे कुठल्याही रचनेकडे पाहण्याची आमच्या सौभाग्यवतीची एक तऱ्हा ठरलेली आहे. सगळे ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "पूर्वरंग झाला, उत्तररंग झाला. पण अहो, अभंग कुठला घेतलाय?"

मला क्षणभर उमगले नाही. मग उमगले, आणि या लेखाची किल्ली मिळाली ती तिथेच. नारदीय कीर्तनात बुवा आधी एक अभंग निरूपणाला घेतात. त्याचा अर्थ उलगडतो तो पूर्वरंग. मध्ये भजन होते, बुवांना बुक्का लावतात, हार घालतात, श्रोते जरा पाय मोकळे करतात. मग आख्यान लागते, तो उत्तररंग. आख्यानात हरिश्चंद्र असो की दामाजीपंत, ते पूर्वरंगातल्या अभंगाचेच असावे लागते. कथा रंगली आणि अभंगाशी तिचे नाते जुळले नाही, तर बुवांना बिदागी मिळते, पण जाणते श्रोते परत येत नाहीत. आमच्या आराखड्यात पूर्वरंग जावामध्ये होता, उत्तररंग गिलीच्या वाळूत. आणि दोहोंना बांधणारे मूळ पद कुठेच नव्हते. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम सांगितले. त्यांपैकी इथे विरोध तेवढा होता: आधी देवळे पाहून थका, मग वाळूत पडून थकवा घालवा. म्हणजे संस्कृती हे काम आणि समुद्र ही मजुरी.

पूर्वरंग हा शब्द निघाला की मराठी वाचकाला पु. ल. देशपांडे आठवणारच. त्यांचे 'पूर्वरंग' १९६३ साली निघाले. पूर्वेचे रंग आणि कीर्तनातला पूर्वरंग असे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात त्यांनी सहज बसवले. माझ्या पिढीतल्या कितीतरी माणसांनी बाली प्रथम पाहिली ती त्या पुस्तकातून. मी ते पुन्हा वाचले आणि पुन्हा हसलो. पण त्या पुस्तकानंतर आणि त्याच्या आधीही पूर्वेकडे गेलेल्या आपल्या माणसांची एक खोड मला या वेळी फार जाणवली. ती पुस्तकाच्या माथी मारता येणार नाही. ती आपल्या सगळ्यांची आहे. आपण तिकडे जातो ते स्वतःला भेटायला. गरुड दिसला की आपला गरुड. रामायण दिसले की आपले रामायण. नोटेवर गणपती होता म्हणून सांगणारा एक तरी गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतो. (इंडोनेशियाच्या १९९८ सालच्या वीस हजार रुपियाच्या नोटेवर तो होता, हे खरे आहे. ती नोट आता चलनात नाही, हे मात्र ते गृहस्थ सांगत नाहीत.)

रवींद्रनाथ १९२७ साली जावा-बालीला गेले तेव्हा त्यांच्याबरोबर सुनीतिकुमार चॅटर्जी होते. भाषेचा एवढा मोठा पंडित. पण पुढे त्या प्रवासावर बंगालीत पुस्तक लिहिले त्याला नाव दिले 'द्वीपमय भारत'. दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून जावे आणि परत येऊन दाराला आपल्या नावाची पाटी लावावी, तसे हे नाव मला वाटते. पुतणीच्या तांबड्या अक्षरांतही हीच खोड उतरली होती. प्रम्बानानपुढे तिने लिहिले होते: 'आपल्या रामायणाची शिल्पे. दीड तास.'

आता ही दीड तासाची गोष्ट घेऊ. प्रम्बानान नवव्या शतकातले. मधले शिवमंदिर ४७ मीटर उंच. त्याच्या कठड्याच्या आतल्या बाजूने रामकथा कोरलेली आहे, आणि ती तिथे संपत नाही. पुढचा भाग शेजारच्या ब्रह्माच्या मंदिरावर आहे. विष्णूच्या मंदिरावर कृष्णकथा. म्हणजे रामकथा वाचायची तर शिवाला आणि ब्रह्म्याला दोघांनाही प्रदक्षिणा घालावी लागते. वाल्मीकींची प्रत हातात धरून ही शिल्पे वाचू गेल्यास मध्येच ठेच लागते. त्यांनी घेतलेली कथा आपल्या पाठातली नव्हे. आणि १९६१ पासून याच मंदिरांच्या पार्श्वभूमीवर रामायणाचे नृत्यनाट्य होते. मे ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांत उघड्यावर होते. ते करणारे बहुतेक कलावंत मुसलमान आहेत. त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही, आपल्याला वाटते. त्या भागात चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ चालतो, वायांग कुलित. त्यात पांडव आहेत, अर्जुन आहे, पण सगळ्यांत लाडका कोण? सेमार नावाचा एक ढेरपोट्या सेवक. तो व्यासांच्या महाभारतात कुठेही नाही. तो दिसायला विदूषक आणि मुळात देव, आणि पांडवांना चार शहाणपणाच्या गोष्टी तोच सांगतो. 'आपले महाभारत' बघायला गेलेल्या माणसाला सेमार दिसत नाही, कारण तो ओळखीचा नाही. आणि सेमार दिसला नाही तर जावा पाहिले असे कशाला म्हणायचे?

बोरोबुदुरला आराखड्यात त्याच दिवसाची सकाळ दिली होती. ते योग्याकार्ताच्या वायव्येला चाळीस किलोमीटर. प्रम्बानान दुसऱ्या दिशेला सतरा. कागदावर दोन ओळी एकाखाली एक, म्हणून दोन्ही स्थळे शेजारी वाटतात. बोरोबुदुर हे आठव्या-नवव्या शतकातले शैलेंद्र राजांचे काम. खाली सहा चौकोनी थर, वर तीन गोल, ५०४ बुद्धमूर्ती, २६७२ शिल्पपट. हे पाहायचे नसते, वाचायचे असते; आणि वाचायचे ते पायांनी. नुसत्या पहिल्या सज्जातल्या चारही ओळी वाचायला चार प्रदक्षिणा लागतात. तळाला कर्मफळांची १६० शिल्पे आहेत. ती बांधणाऱ्यांनीच दगडांच्या थराआड झाकून टाकली, आणि आज आग्नेयेच्या कोपऱ्यात थोडी उघडी दिसतात. आता वर चढण्याला मर्यादा आहे. ठरावीक लोकांना, वाटाड्याबरोबर, ठरलेल्या वेळी सोडतात. दगड झिजू नयेत म्हणून एक विणलेली चप्पल देतात आणि तिला म्हणतात 'उपानत'. हा शब्द वाचून मी खुर्चीतून उठलो. शाळेत 'उपानह्' चालवताना मार खाल्ला होता. त्याची प्रथमा एकवचनी जावामध्ये पायात घालायला मिळणार! (मघाशी मी ज्या खोडीबद्दल एवढे बोललो ती मलाही आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.)

तेव्हा पहिली दुरुस्ती: योग्याकार्ताला दोन रात्री पुरत नाहीत. तीन हव्यात. एक दिवस बोरोबुदुरचा, एक प्रम्बानानचा आणि एक गावाचा. सुलतानाचा वाडा, बाटिकची दुकाने, सायकल-रिक्षा, आणि गुदेग खायला. गुदेग म्हणजे कोवळा फणस नारळाच्या दुधात आणि ताडगुळात तासन्‌तास शिजवलेला. कोकणातल्या माणसाला तो गोड लागेल आणि देशावरच्या माणसाला फारच गोड. शाकाहारी मंडळींनी एवढे ध्यानात ठेवावे की तिकडे तेम्पे, तोफू आणि भाज्या मुबलक आहेत, पण पुष्कळ चटण्यांत तेरासी म्हणजे कोळंबीचा कुटलेला गोळा असतो. विचारून घ्यावे.

दुसरी चूक घड्याळाची. जावाचे घड्याळ आपल्या दीड तास पुढे, बालीचे अडीच. आराखड्यातल्या नायकाने जावाहून दुपारी विमान पकडले आणि संध्याकाळी उबुदला नृत्याला जाऊन बसला. मधला एक तास कुठे गेला, हे त्याला कळलेच नाही.

त्या नृत्यापुढे लिहिले होते: 'केचाक, बालीचे प्राचीन नृत्य.' शंभरेक पुरुष गोल बसून 'चाक-चाक' असा तोंडाने गजर करतात आणि मध्ये रामायणातला प्रसंग चालतो. हे प्राचीन नव्हे. रोगराई टळावी म्हणून अंगात येण्याचा जो जुना विधी होता त्यातला पुरुषांचा गजर घेऊन १९३० च्या सुमाराला हा प्रयोग बेतला गेला, आणि बेतण्यात उबुदला राहणाऱ्या वाल्टर श्पीस या जर्मन चित्रकाराचा हात होता. प्रेक्षक म्हणून डोळ्यांसमोर तेव्हाही प्रवासीच होते. पुतणीला हे सांगितल्यावर ती हिरमुसली. "मग काढून टाकू का?" मी म्हटले, मुळीच नको. 'शाकुंतल' किर्लोस्करांनी १८८० साली रंगभूमीवर आणले. त्या हिशेबाने आपले नाट्यसंगीतही काही वेदकालीन नाही. म्हणून ते कोणी काढून टाकत नाही. खोटे काय ते 'प्राचीन' हे विशेषण. तेवढे खोडले की केचाक चांगले आहे.

उबुदच्या भातखाचरांपुढे कंसात 'फोटो' लिहिले होते. खाचरांना पाणी वाटून देणारी सुबक नावाची पद्धत आहे. पाटकऱ्यांची मंडळे, त्यांची जलमंदिरे, आणि कोणाच्या खाचरात पाणी केव्हा सोडायचे हे ठरवण्याची रीत. २०१२ साली तिला जागतिक वारशात स्थान मिळाले. ज्याने आयुष्यात एकदा तरी पाटाच्या पाळीवरून झालेली भांडणे पाहिली आहेत, त्याने तिथे फोटोपेक्षा थोडे अधिक थांबावे. चार रात्री.

इथवर माझी पेन्सिल तांबड्या अक्षरांतून झपाझप चालली होती. मग निळी अक्षरे आली, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर मी ती सगळीच्या सगळी आडव्या रेघेने खोडली. समासात लिहिले: 'आशय नाही.' वाळूत लोळायला एवढे पैसे मोडून जायचे? वाळू गणपतीपुळ्यालाही आहे. टीकाकाराला जो एक क्षुद्र आनंद असतो तो मी मनमुराद घेतला आणि कागद टेबलावर ठेवून झोपलो.

सकाळी सौभाग्यवतीने ते पाहिले. ती रागावली नाही. चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाली, "गणपतीपुळ्याला आपण पाच वेळा गेलो. मी समुद्रात किती वेळा गेले, सांगा."

मला सांगता येईना. मी आठवू लागलो. पहिल्या खेपेला मुलगा तान्हा होता. ती झाडाखाली बसली होती. मग एकदा आई बरोबर होत्या. एकदा शाळेची सहल. प्रत्येक चित्रात ती मला दिसली ती वाळूच्या वरच्या अंगाला, चपला, घड्याळे, चष्मे, कोरडे कपडे यांच्या ढिगाशेजारी. आम्ही ओले होऊन येत होतो आणि ती टॉवेल देत होती. पाच वेळा. "मला देवळं पाहायचीच आहेत," ती म्हणाली, "पण मला पिशव्या न सांभाळता समुद्राशी बसायचंय. तुमच्या त्या पेन्सिलीला सांगा."

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात इतके सरळ आणि इतके बिनतोड परीक्षण माझ्या वाट्याला आले नव्हते. ज्याला मी आशयशून्य म्हणून खोडले तो आशय होता. तो माझ्या वाचनात आला नव्हता, एवढेच. मी रबर घेतले.

त्यानंतर मी निळी अक्षरे नीट वाचली, आणि लक्षात आले की चूक पुतणीची नव्हती तेवढी माझी होती. 'संस्कृती' तांबडी आणि 'समुद्र' निळा ही फाळणीच मुळात बालीच्या लोकांना कळणार नाही. त्यांच्या मुख्य दिशा दोन: काजा म्हणजे डोंगराकडे आणि केलोद म्हणजे समुद्राकडे. घरातले देवघर कुठे, गावातले कुठले मंदिर कुठल्या टोकाला, हे याच दोन दिशांनी ठरते. डोंगर पवित्र. समुद्र भयाचा, आणि धुऊन काढणाराही. दहनानंतर रक्षा समुद्रात जाते. शक संवत्सर संपताना गावेच्या गावे देव डोक्यावर घेऊन किनाऱ्यावर येतात. त्याला मेलास्ती म्हणतात. मग येतो नववर्षाचा दिवस, न्येपी. दिवा नाही, रस्त्यावर माणूस नाही, चोवीस तास विमानतळही बंद. तो शक आपलाच शालिवाहन शक. २०२५ साली न्येपी २९ मार्चला होती आणि आपला पाडवा ३० ला. दोन्हीकडे १९४७ लागले. कधी कधी दोहोंत महिन्याचे अंतर पडते. आपण गुढी उभारतो आणि ते चूल पेटवत नाहीत. मार्चमध्ये जाऊ इच्छिणाऱ्याने तारीख आधी पाहावी. अडकायचेच असेल तर जाणूनबुजून अडकावे.

आणि किनारा कुठला? आराखड्यात सेमिन्याक होते. तिथे खाण्यापिण्याची आणि जागरणाची चंगळ आहे. ती ज्यांना हवी त्यांनी खुशाल जावे. आम्ही त्याऐवजी सानूर घेतले. पूर्वेचा किनारा, बाहेर प्रवाळाचा बांध असल्यामुळे आत पाणी शांत, कमरेइतक्या पाण्यात साठीच्या बाईलाही उभे राहता यावे असे. आणि हा किनारा कोरा नाही. १९०४ साली याच्या जवळ 'श्री कुमाला' नावाचे गलबत फुटले. मालाची लूट झाली म्हणून डचांनी भरपाई मागितली, बादुंगच्या राजाने नाकारली, आणि सप्टेंबर १९०६ मध्ये डच फौज उतरली ती सानूरच्याच वाळूवर. २० सप्टेंबरला राजा, राण्या, मुले, सेवक पांढरी वस्त्रे नेसून वाड्याबाहेर पडले आणि बंदुकांसमोर चालत गेले. शेकडो माणसे मेली. त्याला ते पुपुतान म्हणतात. माझ्या ओठावर लगेच 'जोहार' आला. तो मी गिळला. त्यांचा शब्द आहे, तो पुरे आहे. आज त्या वाळूवरून सकाळी लोक फिरायला जातात. १९६६ साली तिथे दहा मजली हॉटेल उभे राहिले. ते लोकांच्या डोळ्यांत असे खुपले की पुढे नारळाच्या झाडाहून उंच इमारत बांधू नये असा नियम झाला. किनारा निळ्या शाईत आणि संस्कृती तांबड्या शाईत लिहिणाऱ्याने सानूर कुठल्या शाईत लिहावे?

नुसा पेनिदा गाळले. तिथले ते प्रसिद्ध कड्याचे दृश्य फोटोत पाहिले, आणि खाली वाळूकडे उतरणारी ती उभी वाटही पाहिली. आमच्या गुडघ्यांचे त्यावर एकमत झाले. सिंगापूर गाळले, विमान बदलायला उतरू तेवढेच. मात्र गिली ठेवली. तीन बेटांपैकी गजबजलेले त्रावांगन नव्हे, तर लोम्बोकच्या सर्वांत जवळचे गिली आइर. गिली म्हणजेच लहान बेट, तेव्हा 'गिली बेट' म्हणणे 'नाईल नदी' म्हणण्यापेक्षाही एक पायरी वरचे. आइर म्हणजे पाणी. तिथे मोटारी नाहीत. घोड्याचा टांगा किंवा सायकल. वस्ती मुसलमान, ससाक लोकांची. किनारा सोडून गावात शिरताना अंगभर कपडे घालावेत, एवढी रीत पाळली की पुरते.

पण बालीहून गिलीला जाणे हा उत्तररंगाचा नुसता प्रवेश नव्हे. मधली सामुद्रधुनी खोल आहे. हिमयुगात समुद्र खाली गेला तेव्हा बाली आशियाला जोडली गेली, लोम्बोक तसेच तुटलेले राहिले. आल्फ्रेड वॉलेस १८५६ साली बालीहून लोम्बोकला गेला आणि चक्रावला. एका बेटावर आशियाचे पक्षी. एवढेसे पाणी ओलांडले की पांढरे काकाकुवे, ऑस्ट्रेलियाकडचे. पुढे त्या पाण्यातून गेलेल्या रेषेला त्याचे नाव पडले. आपल्या खोडीला याहून चांगले औषध नाही. रामायण जावापर्यंत आले, बालीपर्यंत आले. आणि तिथून दोन तासांच्या नावेत बसले की पाखरेसुद्धा वेगळ्या मुलखाची. सगळेच काही आपले नसते, हे ती रेषा एका नावेच्या अंतरात दाखवून देते. सौभाग्यवतीला मी म्हटले, हा घे तुझा अभंग. डोंगराकडून समुद्राकडे, ओळखीच्याकडून अनोळखीकडे. ती म्हणाली, "चालेल. पण बुक्का कुठे लावणार?" बुक्क्याच्या जागी उबुदचा चौथा दिवस ठेवला. त्या दिवशी काही पाहायचे नाही.

नावेबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. जून ते ऑगस्टमध्ये त्या पाण्यावर वारा फार असतो, आणि केव्हाही हवा बिघडली की नावा बंद राहतात. म्हणून नाव आणि परतीचे विमान एकाच दिवशी कधीही ठेवू नये. यासाठीच गिलीनंतर सानूरच्या दोन रात्री घातल्या. बोट चुकली तर एक रात्र खर्ची पडेल, विमान चुकणार नाही. पहिल्या आराखड्यातही गिलीनंतर सेमिन्याक होते. तेव्हा पुतणीला हे माहीत होते, फक्त तिने ते लिहिले नव्हते. आराखड्यात कारणे लिहीत नाहीत, हा त्या वाङ्मयप्रकाराचाच दोष आहे.

खर्चाचे तिने वाचून दाखवले तेव्हा थोडी गडबड झाली. "उतरल्यावर व्हिसाचे माणशी पाच लाख, बालीचा प्रवासी-कर दीड लाख," हे स्वयंपाकघरात ऐकू गेले आणि भांडे पडल्याचा आवाज आला. ते रुपिया होते. पाच लाख म्हणजे आपले तीन हजारांच्या आतबाहेर. भांडे तेवढे चेपले.

तर नवी आवृत्ती अशी ठरली: योग्याकार्ता तीन रात्री, उबुद चार, गिली आइर तीन, सानूर दोन. सहा मुक्कामांचे चार झाले आणि दहा रात्रींच्या बारा. जावयाने रजेचा प्रश्न काढला. पुतणीने तो त्याच्याशी परस्पर सोडवला. सगळी अक्षरे एका काळ्या शाईत छापली. मी शेवटचे वाचन केले. योग्याकार्ता भरलेले होते, उबुद जरा मोकळे, आणि गिलीच्या तीन दिवसांपुढचा रकाना पूर्ण कोरा. मी पुतणीला विचारले, इथे काहीच नाही का?

"आहे ना," ती म्हणाली, आणि कागद घेऊन तिने पेनाने एक ओळ लिहिली. काकूने ती वाचली आणि मान डोलावली. मग कागद माझ्याकडे आला. ओळ अशी होती: 'पिशव्या सांभाळणे : काका.'